सासऱ्यांचं नाव

मैमुनानं आपल्या पोटच्या पोराला कधी नावानं हाक मारली नाही. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण अंगणवाडीच्या वहीत त्याचं नाव मीच लिहिलं, आणि ते लिहिताना माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

मी तेव्हा नवीन सेविका होते. कोळीवाडा आणि मोहल्ला यांच्या मध्ये, खाडीकडे तोंड करून आमची अंगणवाडी. मैमुना तीन वर्षांचं पोर कडेवर घेऊन आली. मी विचारलं, "नाव?"

"बाला."

"बाला काय? कागदावरचं सांग."

तिनं मान खाली घातली. "माझ्या सासऱ्यांचं हाय ते."

"मग सासऱ्यांचं सांग."

"तेच तर घेता येत न्हाय गो."

मागे आठ-दहा बाया रांगेत, त्यांची पोरं केकाटतायत, आणि ही आपली पदराशी चाळा करत उभी. मी तापट आहे, सगळा कोळीवाडा जाणतो. मी पेन आपटलं. म्हटलं, बाई, मी काय वहीत 'सासऱ्यांचं नाव' असं लिहू का? शेवटी त्या पोरानंच तोंडातला अंगठा काढला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "नौफल!" सगळ्या बाया हसल्या. मैमुनाही हसली, पण कानांवर हात ठेवून.

खरं तर मला रागवायचा काही अधिकार नव्हता. माझ्या सासऱ्यांचं नाव धर्माजी. ते गेल्यावर तेराव्याला मी ते नाव पहिल्यांदा तोंडातून काढलं, तेही चाचरत. पण माझ्या घरात मी माझ्या पोराचं नाव विनेश ठेवलं होतं. मैमुनाच्या सासूनं नातवाला आजोबांचं नाव दिलं आणि सुनेची जीभ बांधून टाकली. सासू स्वतः नवऱ्याचं नाव घेत नव्हती, म्हणजे त्या घरातल्या दोन्ही बायका पोराला 'बाला' म्हणायच्या. नावानं हाक मारायची ती पुरुषांनी.

आणि नाव तरी कसलं! रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंत दुसरा नौफल सापडायचा नाही, असं सारंगचाचा, म्हणजे तिचे सासरे, अभिमानानं सांगायचे. ते बोटीवर सारंग होते, खलाशांचे मुकादम. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी ओटीवर बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला धरून आपल्या नावाची गोष्ट ऐकवायचे. मी ती वीसेक वेळा तरी ऐकली असेल. त्यांचे वडीलही खलाशी. बसऱ्याला तापानं फणफणले तेव्हा बोट त्यांना तिथंच सोडून निघून गेली. खजुराच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना उचलून घरी नेलं, चाळीस दिवस ठेवून घेतलं, बरं केलं आणि मुंबईच्या बोटीत बसवून दिलं. त्याचं नाव नौफल. घरी आल्यावर मुलगा झाला, त्याला तेच नाव ठेवलं.

"इस्लामच्याही आधीपासूनचं नाव हाय," चाचा म्हणायचे. "नौफल म्हणजे भरभरून देणारा. जुने अरब दर्यालापन नौफल म्हनत. का? तर तो देतो म्हनून. पोरी, इब्राहिम म्हनून हाक मारलीस तर मोहल्ल्यातून अकरा जन येतील. नौफल म्हटलंस तर मीच येनार."

नातू झाल्यावर दोघं येऊ लागले. चाचा मुद्दाम उशीर करायचे, नातवाला आधी पळू द्यायचे.

शाळेत पोरं त्याला 'नऊ फळं' म्हणून चिडवायची. त्याला राग यायचा नाही. अंगणवाडीत अंड्याचा वार असला की हा आपलं अंडं अर्धं करून माझ्या विनेशला द्यायचा, आणि विनेश हावरट, उरलेलं अर्धंही मागायचा. मी ओरडले की नौफल म्हणायचा, "असू दे किशूमावशी, मला नको होतं." त्याला हवं असायचं. मला दिसत नव्हतं का?

बारा वर्षांपूर्वी सारंगचाचा गेले. पुढच्याच वर्षी मैमुनाचा नवरा किडनीनं गेला, मग सासू. घरात राहिले दोघंच, आई आणि लेक. मी मैमुनाला म्हटलं, आता घे की नाव, कोण बघतंय? ती म्हणाली, "जिभेला वळनच न्हाय ते. ते नाव म्हटलं की मना अब्बाच दिसतात, पांढरी दाढी, हातात काठी. बालाला त्या नावानं कशी बोलवू?"

त्यामुळे त्या घरात ते नाव उच्चारणारं कुणी उरलं नाही. फक्त फोनवाले उरले.

मैमुनाचा मोबाईल नंबर सारंगचाचांचा. सिमकार्ड त्यांच्याच नावावर, ते बदलायला अलिबागला कोण जाणार? म्हणून कंपनीवाले, विमावाले, कर्जवाले असे सगळे चाचांना विचारत फोन करायचे. "नौफल साहब हैं?" आठवड्यातून दोनदा तरी. मैमुनाचं उत्तर ठरलेलं, "वो तो गुजर गये. बारा साल हो गये." दारावर आलेल्या माणसाला 'आज कांदे नको' म्हणावं, इतक्या सहज सांगायची. मी तिची थट्टा करायचे. म्हणायचे, एकदा सांग त्यांना, कबरस्तानात जा, तिथं भेटतील साहेब.

बाला बाविसाव्या वर्षी ओमानला गेला. पाण्याचा टँकर चालवायचा. रोज रात्री जेवणं झाली की त्याचा फोन, तोही चेहरा दिसणारा, त्याची रिंग वेगळी वाजायची. एकदा मी तिथं असताना म्हणाला, "किशूमावशी, इथं माझं नाव कुणाला दोनदा सांगावं लागत नाही. गाडी अडवणारा पोलीसपण म्हणतो, वा, नौफल! आणि माझी अम्मा बघ, अजून बाला." मी आगीत तेल ओतलं. म्हटलं, घे गो आत्ता, परदेशात आहे पोरगा, एवढ्या लांब तुझी सासू थोडीच ऐकायला येतेय! मैमुना लाजून लाल झाली. तो म्हणाला, "बरं अम्मा, माझ्या निकाहाला तरी घेशील?"

"बघू," ती म्हणाली.

"बघू नाही. कबूल म्हण."

"बरं बाबा, कबूल."

यंदा फेब्रुवारीतली गोष्ट. बालानं पहिली कंपनी सोडली होती. पगार वेळेवर नाही म्हणून दुसऱ्या एका माणसाचा टँकर चालवत होता, परवान्याशिवाय. पासपोर्ट जुन्या मालकाकडेच अडकलेला. दोन आठवडे वाळवंटात काम आहे, तिकडे रेंज नसते, फोन आला नाही तर काळजी करू नकोस, असं आईला सांगून गेला होता. त्यामुळे ती निवांत होती.

त्या गुरुवारी अंगणवाडीतली पोरं घरी सोडून मी तिच्याकडे गेले. ती सांदणं करत होती. तांदळाचं पीठ वाट्यांत ओतत होती, दोन्ही हात कोपरापर्यंत बरबटलेले. फोन वाजला, साधी रिंग. ती म्हणाली, "बघ गो कोन मेला."

मी हिरवं बटण दाबलं, स्पीकर लावला आणि फोन तिच्या तोंडासमोर धरला. नंबर लांबलचक होता. चष्मा नव्हता, आणि असता तरी मी काय मोठं ओळखणार होते. कंपनीवाल्यांचे नंबरही तसलेच असतात.

पलीकडे पुरुषाचा आवाज. मागे बरीच गडबड.

"हॅलो, नौफल का घर है ये? नौफल सारंग?"

"वो तो गुजर गये भाई," मैमुना म्हणाली. "बारा साल हो गये."

मग तो म्हणाला, "गुजर गये?"

"हां हां. बारा साल."

तिनं हनुवटीनं मला खूण केली. मी लाल बटण दाबलं. "विमावाला दिसतोय," मी म्हटलं, "बिचारा हबकला, गिऱ्हाईक गेलं म्हणून." आम्ही दोघी हसलो. मग सांदणं उतरली. मी चार खाल्ली, नारळाच्या दुधात बुडवून.

त्यानंतर नवव्या दिवशी मोहल्ल्याच्या जमातीचे सेक्रेटरी ओमानहून आलेला निरोप घेऊन तिच्या दारात आले. टँकर उलटून पेटला होता. बाला दोन दिवस दवाखान्यात होता, तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. जवळचं कुणी सापडेना म्हणून तिथल्या लोकांनीच दफन उरकलं होतं. मैमुना ओरडली नाही. सेक्रेटरींना म्हणाली, "बसा ना, चा ठेवते." स्वयंपाकघरात गेली आणि तिथं खाली बसली ती तशीच. मी तिच्या शेजारी बसले. मला वार मोजायचं त्या दिवशी सुचलं नाही.

वार मोजले ते एप्रिलमध्ये. बालाचा खोलीतला जोडीदार उमर, म्हसळ्याचा पोरगा, सुट्टीवर आला आणि बालाची बॅग घेऊन आला. दोन शर्ट, अत्तराची बाटली, खजुराचं न फोडलेलं पाकीट. मैमुनानं शर्ट मांडीवर घेतले. ओटीवर आम्ही तिघंच. तिनं पहिलाच प्रश्न विचारला तो तलकीनचा. मय्यत मातीआड केली की कबरीपाशी बसून मेलेल्याला हाक मारतात, त्याच्या नावानं आणि त्याच्या आईच्या नावानं. अमका, अमकीचा मुलगा. फरिश्त्यांना काय उत्तर द्यायचं ते सांगतात. सासू गेली तेव्हा मैमुनानं मला हे समजावून सांगितलं होतं.

"तलकीन पढली का रे कुनी?"

"पढली चाची. केरळची पोरं होती तिथं, आपल्यासारखीच शाफई पंथाची. त्यांनी पढली."

"माझं नाव कुनी सांगितलं त्यांना?"

उमरनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मी नव्हतो चाची. आईचं नाव ठाऊक नसलं की सगळ्यांच्या पहिल्या आईचा, हव्वाचा मुलगा म्हणतात. तसंच म्हटलं त्यांनी. नौफल, हव्वाचा मुलगा."

मैमुना शर्टाची घडी घालत राहिली.

"पन घरच्यांना का न्हाय कळवलं? तो सुदीत नव्हता?"

"होता ना," उमर म्हणाला. पोरगा भाबडा होता, त्याला काय माहीत आपण काय बोलतोय. "पहिल्या दिवशी होता. पाकीट, फोन सगळं जळलं होतं, पण नंबर त्यानं तोंडानं सांगितला. वॉर्डात एक आपल्याकडचा माणूस कामाला आहे. त्यानं लावला फोन. कोणतरी बाईनं उचलला. म्हणाली, नौफल तर बारा वर्षांपूर्वीच वारला. त्या माणसाला वाटलं, दुखण्यात नंबर चुकीचा सांगितला यानं. परत विचारायला वळला तर याची शुद्ध गेलेली."

"कवा?"

"गुरुवार होता चाची. दुपार."

मी मनात वार मोजले. मैमुना उमरकडे बघत होती. "कोन बाई?" ती म्हणाली. "कोन बाई उचलेल माझा फोन?"

त्या क्षणी मला एकच कळत होतं. ही बाई नवरा गेला तरी उभी राहिली, लेक गेला तरी कशीबशी उभी आहे, पण हे कळलं तर ती उभी राहणार नाही.

"मी," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी उचलला. तुझे हात पिठात होते. मला वाटलं कंपनीवाला. तू म्हणतेस तसंच मी म्हणून टाकलं."

मैमुना माझ्याकडे बघत राहिली. मग शर्ट उचलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, तिनं विश्वास ठेवला. तिला तो ठेवायचा असणार.

उमरला एस.टी.पर्यंत सोडायला मी गेले. रस्त्यात त्याला म्हटलं, पोरा, फोन केला तेव्हा तो माणूस कुठं उभा होता? उमर म्हणाला, "पलंगाजवळच. अम्माचा आवाज ऐकायचाय म्हणाला होता नौफल. म्हणून त्याच्या उशाशी धरला होता फोन."

हे मी मैमुनाला कधीही सांगणार नाही.

बातमी मोहल्ल्यात पसरली. नळावर बायका माझ्याकडे पाठ करून उभ्या राहू लागल्या. दोघींनी आपली पोरं अंगणवाडीतून काढली. विनेश घरी येऊन माझ्यावर कडाडला, "आई, एवढं तुला कळलं नाही? नौफल म्हणजे दुसरा कोण असणार?" मी मान खाली घालून भात वाढला. मनात आलं, बाबा, तोच तर घोळ आहे. नाव एवढं दुर्मीळ नसतं, पोराचं नाव इब्राहिम असतं, तर तिनं सवयीनं विचारलं असतं, कुठला इब्राहिम? मोहल्ल्यात अकरा आहेत. पण नौफल म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे एकच माणूस यायचा, आणि तो तर कधीच गेला होता.

लोकांचं मी सहन केलं. मैमुनाचं सहन होत नव्हतं. चोवीस वर्षांची संगत, आणि ती माझ्या दारावरून समोर बघत जायची. रागही यायचा. वाटायचं, जाऊन सांगावं, अगं बये, तुझ्यासाठीच केलं हे. मग उशाशी धरलेला तो फोन आठवायचा आणि मी गप्प बसायचे. रात्र रात्र रडले मी त्या पोरासाठी. माझ्या विनेशला त्यानं दिलेलं प्रत्येक अर्धं अंडं आठवून रडले.

मेच्या अखेरीस एका दुपारी, पोरं गेल्यावर, मी अंगणवाडीचं दार ओढून घेत होते. पायरीवर मैमुना उभी. वाळली होती. आत आली आणि पोरांच्या बुटक्या खुर्चीत बसली.

"ती वही हाय का गो? बालाचं नाव लिवलेलं ती?"

जुन्या वह्या रद्दीत घालायचा हुकूम कधीच आला होता. मी घातल्या नव्हत्या. लोखंडी कपाटाच्या तळातून काढली, धूळ झटकली, पान शोधलं. तिला मराठी अडखळत वाचता येतं. मी बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं.

"किती रागावली व्हतीस तू त्या दिवशी," ती म्हणाली.

"व्हय."

तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला. साधी रिंग. मी हात पुढे केला. तिनं मान हलवली, फोन स्वतः काढला, स्वतः बटण दाबलं आणि स्पीकरही लावला.

"नमस्कार मॅडम," कुणा तरुण मुलीचा आवाज, "नौफल सारंग यांच्याशी बोलायचं होतं."

मैमुनानं फोन तोंडाजवळ घेतला. तिनं डोळे मिटले.

"कुठला नौफल?" ती म्हणाली.

चोवीस वर्षांत मी तिच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला. पलीकडची पोरगी गोंधळली. "मॅडम?"

"आमच्या घरात दोन हायेत. एक नौफल माझे सासरे, ते बारा वर्सांमागं गेले. दुसरा नौफल माझा लेक. तो ओमानला असतो. टँकर चालवतो. तुला कुठला पायजे बाय? नीट सांग. मी मैमुना, नौफलची आई बोलतेय."

"सॉरी मॅडम, मी नंतर करते," ती म्हणाली आणि फोन कट झाला.

मैमुनानं फोन वहीवर ठेवला. मी तिच्या पायाशी फरशीवर बसले होते, कधी बसले ते कळलं नव्हतं. मी म्हटलं, "मैमुना, फोन मी उचलला होता."

"व्हय," ती म्हणाली. "तू धरला व्हतास." तिनं पिठानं माखलेला असावा तसा हात पदराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "तवा एवढंच विचारायचं व्हतं गो मना. कुठला, एवढंच."